आत्याबाईंची सोनकेळ

आमच्या घरामागं, मोरीचं पाणी जिथं जातं तिथं, केळीचं एक बेट होतं. जात सोनकेळ. केळी आखूड, साल पातळ. सालीवर काळे ठिपके पडेपर्यंत थांबलं तर गोड लागायची, घाई केली तर तोंडाला मिठी बसायची. घर सासऱ्यांच्या नावावर होतं, शेत दोन भावांच्या नावावर होतं आणि बेट आत्याबाईंचं होतं. ते कुठल्या सातबाऱ्यावर नव्हतं, पण त्याबद्दल घरात कधी वाद झाल्याचं मला आठवत नाही.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचं माहेर आष्टीचं. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला त्या माहेरी गेल्या आणि परत येताना घनसावंगीकडच्या आमच्या या गावात केळीचा एक मुनवा घेऊन आल्या. केळीच्या बुंध्याला लागून जमिनीतून जे पिल्लू वर येतं, त्याला मुनवा म्हणतात. तो गोणपाटात गुंडाळून, मांडीवर घेऊन त्या एसटीत बसल्या. कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट मागितलं, असं त्या सांगतात. ती थट्टा होती की तो खरंच मागत होता, हे त्यांना अजून ठरवता आलेलं नाही.

त्या एका मुनव्याचं बेट झालं. आणि बेटातून गेली चाळीसेक वर्षं आत्याबाई लोकांना मुनवे देत आल्या. देण्याचे त्यांचे काही नियम होते. मुनवा विकायचा नाही. स्वतः होऊन द्यायचा नाही, मागणाऱ्यानं घरी यावं. आणि आलेल्या माणसाला त्या एकच प्रश्न विचारायच्या, "तुमच्या मोरीचं पाणी कुठं जातंय?" ज्याला याचं नीट उत्तर देता आलं नाही, तो चहा पिऊन रिकाम्या हातानं परत गेला. त्यात एकदा एक सरपंचही होते.

त्यांच्या माहेरचं मूळ बेट भावानं स्लॅबचं घर बांधताना काढून टाकलं होतं. पुढं बऱ्याच वर्षांनी त्याला त्या केळीची आठवण झाली आणि तो आमच्याकडं मुनवा मागायला आला. आत्याबाईंनी त्यालाही मोरीचं पाणी कुठं जातं ते विचारलं. ज्या घरात त्या जन्मल्या, त्याच घराची मोरी. भावानं मुकाट्यानं सांगितलं.

मी इथं सून म्हणून आले तेव्हा बी.एस्सी. बी.एड. झालेली होते. जवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. आत्याबाई शेजारणींजवळ माझा उल्लेख "आमची मास्तरीण" असा करायच्या. त्यात कौतुक किती आणि तक्रार किती, हे त्या दिवशी मी भाकरी कशा केल्या होत्या यावर असायचं.

दहावीला पुनरुत्पादनाचा धडा आहे. बी न लावता झाडापासून झाड कसं होतं, हे शिकवायला केळीसारखं सोपं उदाहरण नाही. एका वर्षी मी आत्याबाईंची परवानगी काढून एक मुनवा वर्गात नेला. टेबलावर ठेवला, मुलांना दाखवला, केळीला बी नसतं, ती अशी मुनव्यावर वाढते, असं सांगितलं. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली.

"मॅडम, बीच न्हाई तर पहिली केळ कशी उगवली?"

मी म्हणाले, पुढच्या तासाला सांगते. हे उत्तर आम्हाला बी.एड.ला कुणी शिकवत नाही, पण सगळ्यांना येतं.

घरी येऊन मी माझी जुनी पुस्तकं काढली, फोनवर शोधलं, आणि दोन संध्याकाळी वाचत बसले. नवीन काही कळलं की मला ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. नवरा शेतात होता. आत्याबाई ओट्यावर लसूण सोलत होत्या. मी फणीतलं एक केळ घेतलं, सुरीनं उभं चिरलं आणि त्यांच्यासमोर धरलं. मधोमध बारीक काळे ठिपके होते, मोहरीच्या चतकोराएवढे.

"हे काय आहे सांगा."

"केळ."

"हे काळं काळं?"

"आसतंय की. रोजच आसतंय."

मी सांगितलं की हे ठिपके म्हणजे न झालेल्या बिया आहेत. रानातली मूळ केळ वेगळी असते. तिच्या केळात मटाराएवढ्या कडक बिया ठासून भरलेल्या असतात आणि गर नावापुरता. फार जुन्या काळी दोन जातींच्या रानकेळींचा आपसात संकर झाला आणि त्यातून कधी तरी अशी झाडं निघाली की ज्यांना बी धरेना, पण केळ मात्र गरानं भरलं. माणसांनी त्या झाडाचं केळ खाल्लं, त्यांना ते आवडलं. बी नव्हतं, म्हणून त्याचा मुनवा काढून दारात लावला. मग त्याचा मुनवा पुढच्यानं नेला. असं होत होत ते आपल्यापर्यंत आलं.

"बी का धरंना?"

इथं मला गुणसूत्रं सांगणं भाग होतं. मी फुगडीचं उदाहरण घेतलं. झाडाच्या अंगात आईबापाकडून आलेल्या सामानाचे दोन संच असतात. बी तयार करताना त्यांच्या जोड्या लागतात, जशा फुगडीला दोघी दोघी लागतात. या केळीत संच तीन आहेत. दोघींनी हात धरले की तिसरी मोकळी. जोड्या नीट लागत नाहीत, म्हणून बी होत नाही.

आत्याबाईंनी लसणाची पाकळी परातीत टाकली.

"म्हंजे वांझ म्हण की," त्या म्हणाल्या.

माझ्या लग्नाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. आम्हाला मूल नव्हतं. दोन शहरांतले तीन डॉक्टर झाले होते, एक कमरेला बांधायचा दोरा झाला होता, आणि शेवटी मी आणि नवऱ्यानं आता हे पुरे, असं ठरवलं होतं. आत्याबाईंनी त्या नऊ वर्षांत हा शब्द माझ्यासमोर एकदाही उच्चारला नव्हता. गावात इतर कुणी माझ्याबद्दल तो उच्चारला, तर त्या घरचं त्यांनी पुन्हा पाणीही घेतलं नव्हतं. आणि आता केळीच्या निमित्तानं तो त्यांच्याच तोंडून निघाला.

मी ते चिरलेलं केळ खाऊन टाकलं, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. आत्याबाई उठल्या आणि सकाळी झाडलेलं अंगण त्यांनी पुन्हा झाडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघाले होते. त्या बेटापाशी उभ्या होत्या. मला हाक मारून बोलावलं.

"ये इकडं. मोज."

मी मोजले. मोठ्या बुंध्यांभोवती अकरा मुनवे होते.

"आकरा पिलं भवती घेऊन उभी हाय. तीस घरी लेकी दिल्यात तिनं. वांझ कशी? तुझ्या पुस्तकात चुकलंय," त्या म्हणाल्या.

"पुस्तकात तो शब्द नाही, आत्याबाई."

"मंग बराबर हाय पुस्तक," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

यापलीकडं त्या विषयावर आमचं कधी बोलणं झालं नाही. मला त्याची गरजही वाटली नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी बेटाला रोग लागला.

सुरुवात साधी होती. एका उंच झाडाची खालची पानं कडेनं पिवळी पडली. आत्याबाईंना वाटलं पाणी कमी पडलं, म्हणून त्यांनी पाणी वाढवलं. पिवळेपणा वरच्या पानांवर चढला. मग पानं देठापाशी मोडली आणि बुंध्याभोवती खाली लोंबकळू लागली. बुंधा जमिनीजवळ उभा तडकला. झाडावर घड होता, तो भरलाच नाही. आठ दिवसांत शेजारचं झाड तसंच झालं.

आत्याबाईंनी राख टाकली. ताक ओतलं. तंबाखूचं पाणी केलं. घनसावंगीच्या एका दुकानदारानं एक बाटली दिली, ती फवारली. बाटलीवर केळीचं चित्र होतं, ते चित्रातलं झाड फार टवटवीत होतं. शेजारणीनं नजर लागली म्हणून सांगितलं. त्यावर आत्याबाईंनी लिंबू उतरवून टाकलं, पण माझ्या देखत नाही. मी शाळेतून आले तेव्हा ते लिंबू मोरीच्या कडेला पडलेलं दिसलं आणि मी ते न पाहिल्यासारखं केलं.

तिसरं झाड पिवळं पडलं तेव्हा मी नवऱ्याला एक बुंधा आडवा कापायला लावला. आतून तो पांढरा असायला हवा. त्यात तांबूस तपकिरी ठिपक्यांची गोल गोल वलयं होती. खालचा कंद कापला, तोही आतून तांबडा. मी फोनवरचे फोटो शेजारी धरून पाहिले. मर रोग. जमिनीतली बुरशी असते. मुळांतून शिरते, झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद करते. पाणी घालून उपयोग नाही, कारण झाडाला ते वर चढवताच येत नाही. औषध नाही. आणि सोनकेळ ही जात या रोगाला फार लवकर बळी पडते.

"सगळीच जातील का?" आत्याबाईंनी विचारलं.

"हो."

"त्यातली येखादी तगडी आसंल की. माणसात आसतंय तसं."

मी त्यांना सांगितलं की तीच तर अडचण आहे. बियांपासून झाडं झाली असती तर प्रत्येक थोडं वेगळं निघालं असतं. एक मेलं असतं, दुसरं तगलं असतं. पण ही भावंडं नाहीत. मुनवा म्हणजे तेच झाड, फक्त दुसरीकडं उभं राहिलेलं. बेटातली सगळी झाडं मिळून एकच झाड आहे. रोगाला एकाचं कुलूप उघडता आलं की सगळ्यांचं उघडतं, कारण कुलूप एकच आहे.

आत्याबाईंनी त्या कापलेल्या बुंध्यावरून बोट फिरवलं.

"आन् लोकांकडं दिल्यात त्या?"

"त्याही तेच झाड आहेत. पण त्यांच्या मातीत रोग नसेल तर त्यांना काही होणार नाही. फक्त रोग लागल्यावर इथून जे मुनवे गेले असतील, त्यांच्याबरोबर तो गेला असेल. मुनवा वरून चांगला दिसतो, आतून लागलेला असतो."

गेल्या एका वर्षात त्यांनी भावासकट सात घरी मुनवे दिले होते. ती सात घरं त्यांनी बोटांवर मोजली आणि म्हणाल्या, "जावं लागंल."

मी म्हणाले फोन करू. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. "द्यायला फोनवर दिल्ता का? मागायला ते आल्ते. सांगायला आपुन जायाचं."

आधी आम्ही आमचं बेट काढलं. नवऱ्यानं पहारीनं कंद उकरले, जागेवरच वाळवून जाळले आणि खड्ड्यांत चुना टाकला. ओल्या केळीचा खांब लवकर जळत नाही. चार दिवस नुसता धूर होत होता. मोरीचं पाणी दुसरीकडं वळवलं. मग पुढचे तीन रविवार मी आणि आत्याबाई लोकांच्या घरी जात होतो.

गावातली चार घरं पहिल्याच रविवारी झाली. एकीला वाटलं आत्याबाई मुनवा परत न्यायला आल्यात. तिनं, आता तो आमचा आहे, असं दारातच सांगितलं. आत्याबाईंनी तो तिचाच आहे हे मान्य केलं आणि तो जाळायला सांगितला. समजूत पटायला दुपार झाली.

पाचवं घर शहागडचं. तिथं पुलाच्या अलीकडं हायवेला एका चाचांचा फळांचा गाडा आहे आणि गाड्यामागंच घर. ट्रकवाले थांबतात, केळी घेतात. हातपंपाजवळ त्यांनी आत्याबाईंचे दोन मुनवे लावले होते. दोन्हींची पानं खाली लोंबली होती.

"लई झकास निघाल्ते, आपा," चाचा आत्याबाईंना म्हणाले. "आता पंधरा दिवस झाले, पिवळे पडून राह्यलेत. मी म्हटलं हातपंपाचं पाणी खारं झालं."

आत्याबाईंनी त्यांना सगळं सांगितलं. कुलपाचं उदाहरणही सांगितलं, माझ्यापेक्षा नीट सांगितलं. चाचांनी ऐकून घेतलं. मग गाड्यावरच्या केळींकडं बोट केलं. तिथं घडच्या घड टांगलेले होते, सगळी केळी एकाच लांबीची, एकाच वळणाची.

"मंग ह्यांचं काय, मास्तरनी बाई? ही जी-नाईन. हिला न्हाई लागत?"

मी म्हणाले हा जो रोग आहे तो हिला लागत नाही. म्हणूनच तर ती आली. तिच्या आधी जगभर दुसरीच एक केळ विकली जायची. याच रोगानं तिच्या बागाच्या बागा गेल्या, तेव्हा ही आणली. पण हिचंही तसंच आहे. हिची रोपं प्रयोगशाळेत बाटलीत तयार होतात, एकापासून हजारो. तुमच्या गाड्यावरची, जळगावची, परदेशातली, सगळी एकच झाड.

"बिलकुल एकच?"

"जवळजवळ. आणि आता त्या बुरशीची नवी जात निघाली आहे, ती हिलाही मारते. आपल्या देशात काही भागांत आली आहे."

चाचांनी एक फणी उचलून उलटसुलट करून पाहिली, जणू आत कुठं लिहिलेलं असावं.

"म्हंजे हिचा बी नंबर लागंल."

"लागू शकतो."

"मंग मी काय विकू?"

पुढच्या तासाला सांगते, असं इथं म्हणता येईना. तेवढ्यात एक ट्रकवाला आला, त्याला एक डझन हवी होती. चाचांनी त्याला ती दिली. ट्रकवाल्यानं केळी चांगली आहेत का विचारलं. चाचा म्हणाले, "आज तर चांगली हायत."

आमच्या समोरच त्यांनी ती दोन्ही झाडं कोयत्यानं पाडली. आत्याबाईंना त्यांनी चहा पाजला आणि आम्ही निघताना एक पपई पिशवीत घातली. आत्याबाई नको नको म्हणाल्या. त्यांना घ्यायची सवय नव्हती.

आष्टीला भावाकडं जायला दोन जीप बदलाव्या लागल्या. दुसऱ्या जीपमध्ये आम्हाला मागची जागा मिळाली, समोरासमोर बसायची. आत्याबाई म्हणाल्या, "चाळीस वर्सं काय झालं न्हाई. आताच कसं आलं?"

मला ते कधीपासून माहीत होतं. निदान दाट शंका होती. रोग दिसण्याआधी दोनेक वर्षं मोरीजवळ खड्डा पडला होता आणि तिथं पाणी साचून डास होत होते. मी नवऱ्याच्या मागं लागून नदीकाठची एक ट्रॉली माती आणवली होती. काळी, भुसभुशीत, पाहूनच हातात घ्यावी अशी. ती ज्या रानातली होती तिथं पूर्वी कुणाची तरी देशी केळीची बाग होती आणि ती मोडली होती. का मोडली हे मी विचारलं नव्हतं. ही बुरशी झाडाशिवाय नुसत्या मातीत वर्षानुवर्षं राहते, हे मी बुंधा कापला त्या संध्याकाळीच वाचलं होतं. वाचल्यावर मी फोन बंद करून ठेवला आणि कुणाला काही सांगितलं नाही.

जीपमध्ये मी ते सांगितलं. जीपचा आवाज मोठा होता, त्यामुळं मला दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सांगताना शेजारच्या बाईनंही ऐकलं.

आत्याबाईंनी पदर सारखा केला.

"माती चांगली दिसली आसंल," त्या म्हणाल्या.

"चांगली होती."

"मलाबी चांगलीच दिसली होती. मी तिच्यात कोथिंबीर टाकली होती," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, "भावजयीला सांगू नको. तिला तेवढंच पुरंल."

शेजारची बाई म्हणाली, "न्हाई सांगत." तिचा काही संबंध नव्हता.

भावजयीला सांगायची गरजच पडली नाही. भावाकडच्या बेटात तीन झाडं गेली होती आणि भावजय दारातच उभी होती. म्हणाली, "आक्का, तुमच्या केळीनं आमच्या वाफ्यात रोग आणला." आत्याबाई म्हणाल्या, "आणला. त्यासाठीच आले." भावजयीनं बहुधा मोठ्या भांडणाची तयारी केली होती. तिनं पाणी आणलं. भावानं बहिणीचा शब्द ऐकून कुदळ घेतली. संध्याकाळच्या आत कंद निघाले. जेवून जा म्हणाले, आम्ही जेवलो. जेवणात वांग्याची भाजी होती आणि केळीचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

तिसऱ्या रविवारी सातवं घर झालं. ते घर लांबच्या एका शिवारात होतं. तिथली केळ तर केव्हाच मेली होती आणि त्यांनी ती बैलांना टाकली होती. परत येताना वाटेत माळावर मेंढपाळांची वस्ती लागते. आत्याबाईंनी जीप थांबवायला सांगितली.

"हितं एकीला दिल्ता," त्या म्हणाल्या. "लई वर्सं झाली. तू आली नव्हती तवा."

वस्तीपासून केळीचं बेट लांबूनच दिसत होतं. सात-आठ बुंधे, पानं हिरवीगार, माळावर दुसरं काहीच हिरवं नव्हतं. माती तांबडी आणि मुरमाड. आजूबाजूला कोसभर दुसरी केळ नाही, बाहेरून कुणी माती आणलेली नाही, कुणी मुनवा आणलेला नाही. मी आनंदानं पुढं निघाले तर आत्याबाईंनी माझा हात धरला.

"चपला काढ."

त्यांनी स्वतःच्या काढल्या आणि रस्त्याच्या कडेलाच ठेवल्या. तीन रविवार आम्ही त्याच चपलांनी रोगाच्या वाफ्यांतून फिरलो होतो. मी विज्ञान शिकवते आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. बाटलीतलं पाणी घेऊन त्यांनी पायही धुतले, आणि तरी बेटापासून पंधरा पावलांवर थांबल्या.

त्या घरातली बाई बाहेर आली. आत्याबाईंच्याच वयाची, कपाळावर गोंदलेलं. ओळख पटायला थोडा वेळ लागला.

"आक्का, हितून काय बघता, जवळ या की."

"हितूनच दिसतंय."

आत्याबाईंनी तिला घडलेलं सगळं सांगितलं. ती ऐकत गेली आणि शेवटी तिनं जे म्हणायचं तेच म्हटलं.

"मंग येक मुनवा घेऊन जा. तुमचाच हाय."

मला वाटलं त्या घेतील. माळावरची माती स्वच्छ, झाड निरोगी. परसात नाही, पण लांब शेताच्या बांधावर नवीन जागी लावता आला असता. तसं मी बोलूनही दाखवलं. आत्याबाईंनी बेटाकडं पुन्हा पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर मोह होता, तो मी स्पष्ट पाहिला.

"न्हाई बाई," त्या म्हणाल्या. "आमच्या पायाला, खोऱ्याला, बैलाच्या खुराला, कशाला काय लागलंय कुणाला ठावं. तुझी तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे. कुणी मागायला आलं तर देऊ नको. आन् कुणी दिला तर घेऊ नको. मी सांगितलं म्हण."

"मागितलं तर न्हाई कसं म्हनू?"

आत्याबाईंना हे पटलं असावं, कारण चाळीस वर्षांत त्यांनाही सरळ नाही म्हणणं फारसं जमलं नव्हतं. त्यांनी विचार केला.

"मोरीचं पाणी कुठं जातंय ते इचार," त्या म्हणाल्या. "आन् काय बी सांगितलं तरी आडवी मान हलव."

त्या बाईनं मग घरातून पिकलेली फणी आणली. आम्ही रस्त्याच्या कडेला दगडावर बसून केळी खाल्ली. ठिपके पडलेली होती, बरोबर पिकलेली. आत्याबाईंनी दोन खाल्ली. साली त्यांनी तिथंच त्या बाईच्या शेळीला दिल्या.

आमच्या परसात पुन्हा केळ कधी लावता येईल, असं त्यांनी मला घरी आल्यावर विचारलं. मी म्हणाले, वीस वर्षं, तीस वर्षं, नक्की कुणालाच सांगता येत नाही.

"मंग मी न्हाई," त्या म्हणाल्या, आणि स्वयंपाकाला लागल्या. त्या रात्री भाकरी मी केल्या होत्या, आणि त्यांनी नावं ठेवली नाहीत. तेव्हा मला कळलं की त्यांना फार लागलंय.

दोन महिने ती जागा तशीच होती. चुन्यामुळं पांढरी. मग चाचांनी दिलेल्या पपईच्या बिया, ज्या आत्याबाईंनी राखेत घोळून ठेवल्या होत्या, त्या त्यांनी पिशव्यांत टाकल्या. केळीचा रोग पपईला लागत नाही, हे मी आधी खात्री करून घेतलं. दहा रोपं उगवली, ती त्याच जागी लावली. दहाही वेगवेगळ्या उंचीची. एकाचा देठ जांभळट, एकाचं पान फाटकं, एक वाकडंच वाढत गेलं. आत्याबाईंना ते बघवेना.

"येका फळातल्या बिया. येकसारखं येक न्हाई," त्या म्हणायच्या.

"बी असलं की असंच होतं."

फुलं आली तेव्हा दहातली सहा नर निघाली. लांब लांब तुऱ्यांवर बारीक फुलं, फळाचं नाव नाही. आत्याबाईंनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जणू या सगळ्या व्यवस्थेला मी जबाबदार आहे. मी सांगितलं की एक नर ठेवावा लागेल, नाहीतर माद्यांनाही फळ धरणार नाही. त्यांनी पाच तोडले आणि एक ठेवला, तो कोपऱ्यातला, जो मोरीच्या वाटेत येत नव्हता.

उरलेल्या चार झाडांना पपया लागल्या. पहिल्या झाडाची गोड होती. दुसऱ्याची पाणचट. तिसऱ्याची बरी, पण बियाच फार. चौथ्या झाडावर त्याच पावसाळ्यात काही तरी रोग आला, पानं आखडली आणि ते वाळून गेलं. आत्याबाई रोज सकाळी उरलेल्या तिघींकडं जाऊन पानं उलटून बघायच्या. आठवडा गेला, पंधरवडा गेला. त्या तिघींना काही झालं नाही.

पंधराव्या की सोळाव्या दिवशी त्या आत आल्या, हात धुतले आणि चुलीपाशी बसल्या.

"पाणचटवाली बी चांगली हाय," त्या म्हणाल्या. "तिची भाजी करू."